घाटमाथ्याचे दोन धनी

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत, अगदीं पश्चिमेच्या टोकाला, आहुपें नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांवाच्या एका अंगाला घोड नदीचा उगम, दाट देवराई, हिरड्याचीं झाडें आणि महादेव कोळ्यांची वस्ती. दुसऱ्या अंगाला थोडें चालून गेलें कीं जमीनच संपते. कड्याच्या काठावरून खालीं पाहावें तों गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे सुळके पायाखालीं दिसतात, त्यांच्यापलीकडे मुरबाडचीं शेतें, आणि त्यांच्याहि पलीकडे कल्याणकडचा सखल मुलूख. काठावरून एक अवघड पायवाट खालीं खोपिवलीस उतरते. तिलाच आहुप्याचा घाट म्हणतात. येथून उत्तरेकडे दुर्ग, ढाकोबा आणि जीवधन ह्या डोंगरांच्या रांगेनें गेलें कीं नाणेघाट लागतो.

ज्या श्रोत्यांनीं ह्या काठावर उभें राहून पावसाळ्यांत धुकें वर चढतांना पाहिलें असेल, त्यांना तेथें राजकारणाची आठवण होण्याचें कारण नाहीं. परंतु सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं दोन राजवंशांमध्यें जो दीर्घ झगडा झाला, तो ह्या काठाच्याच धनीपणासाठीं होता. वर जुन्नर, पैठण, तेर हीं देशावरचीं बाजारपेठांचीं गांवें. खालीं कल्याण आणि सोपारा हीं बंदरें. ह्या दोहोंच्यामध्यें सह्याद्रीची भिंत उभी, आणि भिंतीला मोजक्याच खिंडी. कापडाचा गठ्ठा असो, मण्यांची पेटी असो किंवा परदेशच्या मद्याचा रांजण असो, त्याला ह्या खिंडींपैकीं एकीतून चढावें किंवा उतरावें लागे. जो खिंडीच्या तोंडाशीं बसला त्याला नांगर न धरतां पीक मिळालें. आहुप्यासारख्या वाटा डोक्यावर भार घेऊन चढणाऱ्यांच्या. नाणेघाट मात्र लदलेल्या जनावरांचा राजमार्ग. म्हणून राजांनीं आपलीं नांवें कोरलीं तीं नाणेघाटांत.

पहिला धनी सातवाहन. नाणेघाटाच्या माथ्याशीं एक लेणें आहे. त्याच्या भिंतींवर राणी नागनिका हिचा दीर्घ लेख असून मागल्या भिंतीवर एके काळीं राजपुरुषांच्या मूर्ति होत्या. मूर्ति नष्ट झाल्या. पायांचे अवशेष आणि वर कोरलेलीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व श्रीसातकर्णि, कांहीं राजकुमार, आणि त्यांच्याच ओळींत एक महारठी. लेखांत अश्वमेधादि यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, गांवें आणि हजारोंनीं कार्षापण. यज्ञमंडपांत शोभणारी ही यादी अशा निर्जन घाटांत कां कोरली, असा प्रश्न मनांत येतो. पण तो घाट तेव्हां निर्जन नव्हता, हेंच त्याचें उत्तर. कोंकणांतून धापा टाकीत वर आलेल्या व्यापाऱ्याला पहिला विसावा जेथें मिळे तेथेंच राजाचें घराणें त्याच्यापुढें उभें राही. जवळच दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असें लोक सांगतात. रांजणाची गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यांत त्या जागेचें मर्म अचूक सांपडलें आहे.

हा लेख बहुतेक विद्वानांच्या मतें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतला. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांत चित्र पालटलें. जुन्नरच्या मानमोडी डोंगरांत भीमाशंकर म्हणून ओळखला जाणारा जो लेण्यांचा गट आहे, त्यांतील एक लहान लेख ह्या पालटाची साक्ष देतो. वत्सगोत्री अयम नांवाच्या अमात्यानें पुण्यासाठीं एक पाण्याची पोढी आणि एक मंडप करविला, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. पण हा अयम ज्याचा अमात्य होता तो सातवाहन नव्हे. तो ‘राजा महाक्षत्रप स्वामी नहपान’. लेखाचें वर्ष ४६. म्हणजे नाणेघाटापासून एका दिवसाच्या वाटेवर, सातवाहनांच्या जुन्या जुन्नरांत, क्षहरात कुळांतील शक राजाचा कारभारी बसून दानधर्म करीत होता.

हें ४६ वें वर्ष कोणत्या कालगणनेचें, ह्यावर पंडितांत पुष्कळ वाद झाला आहे. जुनें मत शकगणनेचें. त्याप्रमाणें तें इ. स. १२४ होतें. अलीकडील अनेक संशोधक नहपानाला त्याच्याहि मागें, पहिल्या शतकाच्या मध्याकडे नेतात. एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें त्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकांत भडोचकडच्या राजाचें जें नांव आलें आहे, तें नहपानाचेंच भ्रष्ट रूप दिसतें. तें लक्षांत घेतां दुसरें मत अधिक जुळतें.

त्या पुस्तकांत कल्याणविषयीं चार ओळी आहेत, आणि त्या कोणत्याहि प्रशस्तीपेक्षां बोलक्या आहेत. थोरल्या सातकर्णीच्या वेळीं कल्याण हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें. पुढें संदनेस नांवाच्या अधिपतीकडे तें गेल्यावर तेथील व्यापाराला मोठा अडथळा आला. आणि एखादें ग्रीक गलबत चुकून तेथें लागलेंच तर पहाऱ्यांत भडोचला नेलें जाई. ज्याला घाट घेतां येत नाहीं त्यानें घाटाच्या पायथ्याचें बंदर ओसाड पाडावें, ही युक्ति अशी जुनी आहे. कल्याणला माल उतरला नाहीं तर नाणेघाटांत जकात कोण देणार, आणि आहुप्याच्या वाटेनें ओझीं वाहणाऱ्यांना काम कोठून मिळणार?

मात्र नहपानाचें घराणें केवळ लुटारू होतें असें समजणें चुकीचें ठरेल. त्याचा जांवई उषवदात, दीनिकाचा पुत्र, जातीनें शक, ह्याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत, आणि त्या काळच्या माणसांपैकीं इतका स्पष्ट डोळ्यांपुढें उभा राहणारा दुसरा मनुष्य सांपडणें कठीण. त्यानें तीन लक्ष गाई दिल्या, देवांना व ब्राह्मणांना सोळा गांवें दिलीं, प्रभासतीर्थीं आठ ब्राह्मणांचीं लग्नें करून दिलीं. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथें त्यानें धर्मशाळा बांधल्या. पार, दमण, तापी, डहाणू इत्यादि ठिकाणीं नद्या ओलांडण्यासाठीं त्यानें फुकट नावा ठेवल्या. ज्यानें भर पावसांत ह्या नद्यांच्या काठीं नावाड्याशीं घासाघीस केली असेल त्याला गाईंच्या दानापेक्षां हेंच पुण्य मोठें वाटेल.

उषवदाताचा हिशेबहि पक्का. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे त्यानें २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें कायमचे ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं. व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे. दरमहा वीस, म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना बारा बारा दिले कीं बरोबर २४०. एक कवडी उरत नाहीं, एक कमी पडत नाहीं. शक सरदार, प्राकृत लेख, बौद्ध भिक्षु, विणकरांची पेढी आणि ब्राह्मणांना गोदान, असें हें राज्य. त्याच्या पत्नीनें, म्हणजे नहपानाच्या कन्येनें, दक्षमित्रेनें, स्वतःच्या नांवानें भिक्षूंसाठीं एक खोली करविली आहे. हाच उषवदात सासऱ्याच्या हुकुमानें ऐन पावसाळ्यांत उत्तरेकडे मालवांनीं वेढलेल्या एका मित्रराजाच्या सुटकेसाठीं धांवून गेला. मालव आपल्या नुसत्या गर्जनेनेंच पळाले असें तो कोरून ठेवतो. पुढें पुष्करतीर्थीं स्नान करून त्यानें तीन हजार गाई दिल्या. शौर्याचें वर्णन थोडें ऐकतांना सवलत द्यावी, पण स्वारी खरी.

युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड बेटांत ह्याच्या कित्येक शतकें मागाहून असेच राजे एकमेकांशीं श्रेष्ठपणासाठीं झगडत होते. तेथील ब्रायन बोरू १०१४ सालीं क्लॉन्टार्फच्या रणांत, त्याचें सैन्य विजयी झालें असतांहि, मारला गेला. तो झगडा आज कळतो तो मुख्यतः मठांतील साधूंनीं वर्षवार लिहिलेल्या बखरींवरून. इकडे भिक्षूंनीं बखर लिहिली नाहीं. राजांनींच भिक्षूंच्या घरांच्या भिंतींवर दानपत्रें कोरलीं, आणि लढाईची हकीकत त्या दानपत्रांच्या मधल्या जागेंतून वाचावी लागते.

कारण नहपान आणि गौतमीपुत्र सातकर्णि यांची लढाई कोठें झाली, कशी झाली, कोण पडले, हें कोणीच लिहून ठेवलेलें नाहीं. जें आहे तें असें. गौतमीपुत्राच्या राज्याचें अठरावें वर्ष, पावसाळ्याचा पंधरवडा. वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणींतून राजा गोवर्धनच्या विष्णुपालित ह्या अमात्यास आज्ञा धाडतो: पश्चिम काखडी गांवांतील दोनशें निवर्तनांचें जें शेत आजवर उषवदाताकडे होतें, तें त्रिरश्मि डोंगरावरील भिक्षूंना दिलें आहे. त्या शेतांत शिपायांनीं शिरूं नये, त्याला कोणी हात लावूं नये, मिठासाठीं तें खणूं नये, प्रांताच्या अधिकाऱ्यांचा त्यावर अंमल चालूं नये. त्याच पावसाळ्यांत मावळांत, कार्ल्याच्या लेण्यांत, दुसरी एक आज्ञा कोरली गेली. तीहि गौतमीपुत्राचीच मानतात. करजक गांव तेथील भिक्षूंना दिलें, असें ती म्हणते. ह्याच नांवाचें गांव त्याच भिक्षूंना उषवदातानें पूर्वीं दिलेलें होतें.

तंबू अजून उभे, सैन्याचा चिखल वाळला नाहीं, आणि विजयी राजा पहिलें काम काय करतो तर शेतांचे कागद बदलतो. ह्यांत धर्मभाव नव्हता असें नव्हे. पण लेण्यांतील भिक्षूंच्या दारावरून व्यापारी जात, भिक्षूंकडे ठेवी, श्रेण्या, दाते यांची ये-जा असे. जुन्नरच्या लेण्यांत दोन टाकीं करविणारा इरिल नांवाचा यवनहि आहे. नवा धनी कोण हें सर्वांत लवकर आणि सर्वदूर कळावयाचें तर तें ह्या दारांवरच कोरावें लागे.

दुसरी दवंडी त्यानें खिशाखिशांतून पिटविली. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. त्यांत तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं, आणि सगळीं मूळचीं नहपानाचीं. एका बाजूस राजाचा चेहरा आणि भोंवतीं ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील नांव. त्यांपैकीं सुमारें नऊ हजार नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हा मारलेला आहे: एकीकडे तीन कमानींचा डोंगर व आपलें नांव, दुसरीकडे उज्जयिनीचें म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह. नाणीं वितळवून नवीं पाडतां आलीं असतीं. तसें केलें नाहीं. त्यामुळें कित्येक नाण्यांवर डोंगराच्या खालून नहपानाचें नाक आणि हनुवटी अजून डोकावते. ज्या गृहस्थानें हा सांठा पुरला त्याच्या मडक्यांत हरलेला राजा आणि जिंकलेला राजा एकाच चांदीवर शेजारीं शेजारीं राहिले. ठसा मारलेलीं आणि न मारलेलीं, दोन्ही नाणीं त्यानें सारख्याच काळजीनें जपलीं, कारण वजन तेंच होतें.

ह्या विजयाची मोठी प्रशस्ति राजाच्या मृत्यूनंतर झाली. त्याचा पुत्र पुळुमावि याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षीं गौतमी बलश्री ह्या वृद्ध राजमातेनें नाशिकास भिक्षूंना एक विहार दिला, आणि त्याच्या भिंतीवर आपल्या गेलेल्या मुलाचे गुण कोरविले. त्याचे घोडे तीन समुद्रांचें पाणी प्याले. शक, यवन, पल्हवांचा त्यानें नाश केला. क्षहरातांच्या वंशाचा मागमूस ठेविला नाहीं. सातवाहन कुळाचें यश पुन्हा उभें केलें. तो ज्यांचा स्वामी त्या देशांत अपरान्त आहे, पर्वतांत सह्य आहे. विशेष असें कीं ह्या विहाराची बांधणी त्याच डोंगरांतील जुन्या नहपान-विहारासारखीच आहे, फक्त अधिक भरदार. वंशाचा मागमूस ठेविला नाहीं म्हणावें आणि त्याच्या घराचाच नकाशा समोर ठेवून आपलें घर बांधावें, हा मनुष्यस्वभाव राजवाड्यांतहि असतो.

परंतु त्याच विहारांत, ह्या दिमाखदार प्रशस्तीशेजारीं, एक छोटा लेख आहे, आणि सबंध झगड्याची खरी किंमत त्यांतच लिहिलेली आहे. तो लेख गौतमीपुत्राच्याच कारकीर्दीच्या चोविसाव्या वर्षांतला. आज्ञा ह्या वेळीं एकट्या राजाची नाहीं; तिच्यांत राजमातेचेंहि नांव आहे, आणि ती स्वतःला जिचा पुत्र जिवंत आहे अशी माता म्हणविते. राजा आजारी होता कीं दूर स्वारीवर होता, यावर तर्क पुष्कळ झाले आहेत. आईनें असें विशेषण लावून घेतलें ह्यांतच काळजी दिसून येते. गोवर्धनच्या श्यामक ह्या अमात्याला कळविलें आहे कीं, काखडी गांवांत भिक्षूंना पूर्वीं जें शेत दिलें होतें, तें शेत कसलें जात नाहीं आणि तें गांवहि वसत नाहीं. म्हणून त्याऐवजीं नगराच्या शिवेवरील राजाच्या खाजगी जमिनींतून शंभर निवर्तनें द्यावींत, आणि पूर्वींच्या सर्व सवलती ह्या जमिनीसहि असाव्यात.

सहा वर्षांपूर्वीं ज्या शेतांत शिपायांनीं शिरूं नये असा हुकूम सुटला होता, त्यांत आतां नांगरहि शिरत नव्हता. गांवची माणसें कोठें गेलीं हें लेख सांगत नाहीं. दोन सैन्यें वरून गेल्यावर कुणबी उरला नसेल, कीं नव्या धन्यासाठीं कसण्यास तो परतला नसेल. दोहोंचा अर्थ एकच. दोनशेंच्या जागीं शंभर निवर्तनें मिळालीं, हा हिशेबहि पाहण्यासारखा आहे. तीन समुद्रांच्या धन्याला भिक्षूंचें पोट भरण्यासाठीं दिलेलें शेत जागेवर राखतां आलें नाहीं, आणि ती गोष्ट त्यानें लपविलीहि नाहीं. ओसाड पडलेल्या खेड्याची अशी सरळ कबुली विजेत्याच्या स्वतःच्या तोंडून आलेली आहे, म्हणून ह्या चार ओळी बलश्रीच्या संपूर्ण प्रशस्तीहून मोलाच्या वाटतात.

क्षहरात संपले, पण झगडा संपला नाहीं. शकांचें दुसरें घराणें, कार्दमक, पश्चिमेस उभें राहिलें. त्यांतील रुद्रदामन् याचा जुनागडचा लेख इ. स. १५० चा. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णि याला आपण उघड लढाईंत दोनदां जिंकलें, परंतु नातें जवळचें असल्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं, असें तो त्यांत सांगतो. त्याच्या देशांच्या यादींत अपरान्त, म्हणजे घाटाखालचें कोंकण, पुन्हा शकांकडे गेलेलें दिसतें. त्यानंतर यज्ञश्री सातकर्णीच्या काळीं तें पुन्हा सातवाहनांकडे आलें. सोपाऱ्याच्या स्तूपांत १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना ह्या यज्ञश्रीचें चांदीचें नाणें सांपडलें. त्यावर राजाचा चेहरा आहे, अगदीं क्षत्रपांच्या धर्तीवर. बाजाराला ज्या चेहऱ्याच्या नाण्याची संवय लागली होती तसेंच पाडणें सोयीचें होतें.

रुद्रदामन् ज्या नात्याचा उल्लेख करतो त्याचा पुरावा मुंबईजवळ कान्हेरीच्या डोंगरांत आहे. तेथें एका पाण्याच्या टाक्यावर एक लेख कोरलेला असून तो सातवाहनांच्या नेहमींच्या प्राकृतांत नाहीं, संस्कृतांत आहे. वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णि याची राणी, कार्दमक राजांच्या वंशांत जन्मलेली, महाक्षत्रपाची कन्या, हिच्या विश्वासांतील अमात्य शतेरक यानें हें टाकें दिलें, असा त्याचा आशय. दगड फुटलेला आहे. अमात्याचें नांव पुरें आहे. राणीच्या बापाच्या नांवाचें पहिलें अक्षर, ‘रु’, तेवढें शिल्लक आहे. आणि दोन वैरी घराण्यांना जिनें एकत्र बांधलें त्या राणीचें स्वतःचें नांव आज त्यांत वाचतां येत नाहीं.